डोळ्याखाली काय बसवलंय, ते आम्हाला कागदावर द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

कराडात माझं औषधाचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. तापाच्या गोळ्यांची बारा रुपयांची पट्टी दिली, तरी बिलावर मी कंपनी, बॅच नंबर आणि एक्सपायरी लिहितो. शेड्यूल एच-वन, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीतली अँटिबायोटिक दिली, तर रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं वेगळ्या रजिस्टरात चढवतो आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपून ठेवतो. औषध निरीक्षक येतात, पानं उलटतात, एखादी नोंद राहिली असेल तर जाब विचारतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. माणसाच्या पोटात जाणाऱ्या गोष्टीचा माग लागलाच पाहिजे.

माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्याखाली, तुटलेलं हाड सावरायला, यंदा जानेवारीत एक जाळी बसवली. ती आता जन्मभर तिथंच राहणार. तिच्याबद्दल रुग्णालयाच्या बिलावर फक्त एक ओळ आहे : ‘इम्प्लांट, नग १, रु. ४६,५००’. कंपनी नाही, बॅच नाही, ती कशाची आहे तेही नाही.

या एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे. उघड लिहितो, कारण आमच्या भागात उसाचा हंगाम दरवर्षी येतो, ट्रॉल्या दरवर्षी रस्त्यावर उभ्या राहतात आणि अशी बिलं घेऊन घरी जाणारा मी एकटा नाही.

किंक्रांतीची रात्र होती. भाऊ तासवडे एमआयडीसीत लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करतो. दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येत होता. ओगलेवाडीच्या पुढं, विट्याच्या रस्त्याला, टायर बसलेली उसाची ट्रॉली कडेला सोडून ड्रायव्हर मदत आणायला गेला होता. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, सावध करायला एखादी फांदीसुद्धा टाकलेली नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यावर आला आणि ट्रॉली त्याला दिसलीच नाही. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. पण ते समोरून उघडं होतं. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या मोळीवर डावं गालफड आदळलं.

दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन झाला. आमचे सर्जन चांगले, हे आधीच सांगतो. माझी तक्रार त्यांच्या हातावर नाही. ते ठरलेल्या दिवशी बाहेरगावाहून येतात. त्यांनी पडद्यावर आम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं. डोळ्याची खोबण म्हणजे साधारण ३० मिलीलीटरची पोकळी. माझ्या भाषेत सांगायचं तर सिरपच्या १० मिलीच्या तीन टोप्या. त्यात बुबुळासकट डोळ्याचा गोळा जेमतेम ७ मिलीचा. बाकी सगळी चरबी, स्नायू, नसा. या पोकळीचा तळ मधल्या भागात अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाड असतो आणि नाकाकडची भिंत त्याहून पातळ. शरीरशास्त्राच्या पुस्तकात त्या भिंतीचं लॅटिन नावच ‘कागदी पापुद्रा’ अशा अर्थाचं आहे. समोरून जोराचा मार बसला की हा तळ खचतो आणि डोळ्याखालची चरबी, कधी कधी डोळा खाली-वर फिरवणारा स्नायूही, खालच्या सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या, पोकळीत उतरतो. भावाच्या स्कॅनमध्ये ते उतरलेलं आम्ही पाहिलं. छताला गळती लागून पोपडा लोंबावा, तसं दिसत होतं.

सर्जन म्हणाले, नाक अजिबात शिंकरायचं नाही, नाहीतर सायनसमधली हवा डोळ्याभोवती भरेल. आणि म्हणाले, सूज उतरू द्या, आठ-दहा दिवसांनी ऑपरेशन करू. साधारण दोन आठवड्यांच्या आत झालं म्हणजे बरं.

ते आठ-दहा दिवस आमच्या घरानं कसे काढले, ते थोडं सांगतो. सूज उतरत गेली, तसा डोळा आत गेलेला दिसायला लागला. त्याचं त्याला काही नव्हतं. त्याला भीती होती ती वेगळीच. सरळ समोर पाहिलं तर एक दिसायचं, खाली पाहिलं की दोन. जिना उतरताना एका पायरीच्या दोन पायऱ्या. ताटात भाकरीच्या दोन भाकरी. एके दिवशी त्यानं कपाटातून आपला माप घ्यायचा व्हर्नियर काढला, खिडकीशी गेला आणि बराच वेळ तो डोळ्यासमोर खालीवर करत बसला. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, “दादा, रेघा एकमेकीवर चढल्यात. मला माप घेता येणार नाही.” लेथवरच्या माणसाला माप घेता येणार नसेल, तर त्याला कारखान्यात काय काम उरतं, ते मी सांगायला नको.

ही गोष्ट मुद्दाम लिहिली. असल्या ऑपरेशनला सहज ‘चेहऱ्याचं ऑपरेशन’ म्हटलं जातं. म्हणताना त्यात नटण्या-मुरडण्याचा वास येतो. ही नजरेची शस्त्रक्रिया आहे आणि आमच्याकडे नजरेवरच पोट आहे.

२५ जानेवारीला, अपघातानंतर दहाव्या दिवशी, ऑपरेशन झालं. सायनसमध्ये उतरलेलं सगळं वर उचलून घेतलं, तुटलेल्या तळावर जाळी ठेवली, ती स्क्रूनं कडेच्या हाडाला धरली. महिन्या-दीड महिन्यात दोन दिसायचं थांबलं. मार्चपासून भाऊ परत लेथवर उभा राहतो आहे. गालाचा डावा भाग आणि वरचा ओठ अजून बधिर आहेत. दाढी करताना कापलं तरी त्याला कळत नाही. ते हळूहळू येईल म्हणतात. सर्जनांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, त्या कागदाची. एप्रिलमध्ये भावाची कंबर धरली, पायात कळा जायला लागल्या. मणक्याचा एमआरआय काढायला सांगितलं. तपासणी केंद्रात आत घेण्याआधी फॉर्मवर प्रश्न होता : शरीरात धातू आहे का, कोणता? भावानं ‘हो’ लिहिलं. तंत्रज्ञ म्हणाला, कोणता धातू ते कागदावर दाखवा. त्याचं बरोबरच होतं. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही हे मलाही माहीत आहे, त्यालाही माहीत होतं. पण डोळ्याखाली बसवलेली वस्तू टायटॅनियमचीच आहे, हे तो माझ्या तोंडच्या शब्दावर कसं मानणार? डिस्चार्ज कार्डवर नुसतं ‘इम्प्लांट’. मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. तिथं सांगितलं, माल पुरवठादाराचा माणूस ट्रेमधून घेऊन येतो, त्याला विचारा. पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, आमचं बिल रुग्णालयाच्या नावावर असतं, कोणाच्या अंगात काय गेलं ते आम्हाला कसं कळणार? शेवटी सर्जन त्यांच्या ठरलेल्या दिवशी आले आणि त्यांनी आठवणीवरून चिठ्ठी लिहून दिली, ‘टायटॅनियम मेश’. कंपनी त्यांनाही आठवत नव्हती; आठवावी अशी अपेक्षाही नाही, आठवणीवर चालायची ही गोष्टच नाही. या सगळ्यात नऊ दिवस गेले आणि ते नऊ दिवस भाऊ कमरेला पट्टा लावून पडून होता.

असं होऊ नये यासाठीचा नियम आपल्याकडे आहे, महोदय. तो फक्त हृदयापाशी आणि गुडघ्यापाशी थांबला आहे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं १३ फेब्रुवारी २०१७ ला हृदयाच्या स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या. साध्या धातूचा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये. त्याच आदेशात असंही होतं की रुग्णालयानं स्टेंटची किंमत बिलात वेगळी दाखवायची आणि तिच्यासोबत ब्रँडचं नाव, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव आणि बॅच नंबर लिहायचा. पुढं ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमती बांधल्या गेल्या. मग डोळ्याच्या खोबणीतली जाळी ‘नग १’ कशी काय? १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्यानं औषधांच्या व्याख्येत आली आहेत. म्हणजे माझ्या दुकानातली बारा रुपयांची पट्टी आणि भावाच्या डोळ्याखालची जाळी एकाच कायद्याखाली. पट्टीचा बॅच नंबर माझ्या बिलावर आहे. जाळीचा कुठंच नाही.

यावर मला एकानं सांगितलं की जाळीचा मोठा तुकडा असतो, तो ऑपरेशनच्या टेबलावर कापून, वाकवून बसवतात. ट्रेमधले स्क्रू सुटे असतात, तिथंच निर्जंतुक केलेले. प्रत्येकाला स्टिकर कुठून आणणार? अडचण खरी आहे. पण तो तुकडा आणि ते स्क्रू कधीतरी कोणत्या तरी पाकिटातून निघाले ना? २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी त्या पाकिटावर उत्पादकाचं नाव आणि लॉट नंबर, म्हणजेच बॅच नंबर, छापणं बंधनकारक केलं आहे. मीही गोळ्यांची पट्टी कापून चार गोळ्या देतो. पट्टी कापली म्हणून बॅच नंबर लिहायचं मला माफ होत नाही.

दुसरी तक्रार किमतीची. ४६,५०० हा आकडा कुठून आला, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. पाकीट दाखवलं नाही, त्यावरची एमआरपी दाखवली नाही. भावजयीनं पाटल्या गहाण ठेवल्या आणि पैसे भरले. अशा जाळीला कमाल किंमत ठरलेली नाही. वर्षाला १० टक्क्यांहून जास्त एमआरपी वाढवायची नाही, एवढंच बंधन आहे. पण पहिल्यांदा किंमत छापतानाच ती वाटेल तेवढी छापली, तर दहा टक्क्यांच्या लगामाचा रुग्णाला काय उपयोग? २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, थर्मामीटर, रक्तदाब मोजायचं यंत्र, नेब्युलायझर आणि ग्लुकोमीटर यांच्यावरच्या नफ्याला सरकारनं ७० टक्क्यांची मर्यादा घातली. माझ्याच काउंटरवर त्या वस्तूंचे भाव उतरलेले मी पाहिले. दुकानदार म्हणून माझा नफा कमी झाला आणि ते योग्यच झालं. जी वस्तू माणूस दहा दुकानं फिरून घेऊ शकतो तिला मर्यादा, आणि जी बेशुद्धीत असताना बसवली जाते तिला नाही, हे मला पटत नाही.

तिसरी तक्रार थोडी लांब आहे, कारण ज्यांच्या घरी उद्या अशी वेळ येईल त्यांना ती उपयोगी पडेल. आमच्याकडून ज्या संमतीपत्रावर सही घेतली, त्यात ‘गरजेनुसार इम्प्लांट वापरण्यास संमती’ एवढंच छापलेलं होतं. खोबणीचा तळ सावरायला वस्तू एक नसते. रुग्णाचंच हाड वापरता येतं, कमरेचं किंवा कवटीच्या बाहेरच्या थराचं. ते शरीर परकं मानत नाही, पण दुसरीकडे जखम करावी लागते आणि बसवलेलं हाड काही प्रमाणात झिजतं. टायटॅनियमची जाळी पातळ असते, वाकवलेला आकार धरून ठेवते, मोठ्या भोकाला आधार देते आणि नंतरच्या सीटीत स्पष्ट दिसते. पण तिच्या छिद्रांतून ऊती वाढतात, म्हणून पुढं काढायची वेळ आली तर सोपं जात नाही. सच्छिद्र पॉलिएथिलिनची चकती मऊ कडांची असते, तिच्यातही शरीराची ऊती शिरून ती पक्की बसते, पण सीटीत ती नीट दिसत नाही. लहान भोकाला विरघळणारी चकतीही चालते. पूर्वी सिलिकॉनच्या चकत्या बसवत; त्यांच्यातल्या काही कित्येक वर्षांनंतर सरकल्या, त्यांच्याभोवती पू झाला, असं डॉक्टर मंडळींच्याच लिखाणात आहे. आणि आता धडधाकट बाजूच्या खोबणीचा सीटीवरून आरसा-आकार घेऊन त्या रुग्णापुरती तयार केलेली जाळीही मिळते.

यातलं काय वापरायचं, ते सर्जननंच ठरवायचं. भोक किती मोठं, कुठं आहे, मागं आधाराला हाड उरलंय का, हे त्यांनाच कळतं आणि कधी कधी आत गेल्यावरच कळतं. त्यात आम्ही बोट घालणार नाही. पण कोणत्या वस्तू शक्य आहेत, तुमच्यासाठी कोणती आणि का, ती साधारण केवढ्याला, हे मराठीत एका पानावर लिहून देणं अशक्य नाही. आमच्या सर्जनांनी तोंडी बरंच सांगितलं. कागदावर त्यातलं काहीच आलं नाही.

चौथी तक्रार दिवसांची. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. चांगली योजना आहे. डोक्याला मार, रक्तस्राव, तुटलेली मांडी, यांत पहिल्या तासांत पैसे शोधत फिरावं लागू नये, हे तिनं बरोबर ओळखलं. पण तिची मुदत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस. डोळ्याच्या खोबणीचं ऑपरेशन, बहुतेक मोठ्या माणसांत, सूज उतरायची वाट पाहूनच करतात. डॉक्टर शहाणपणानं थांबतात आणि तेवढ्यात मुदत संपते. भावाचं ऑपरेशन दहाव्या दिवशी झालं. ते सातव्या दिवसाच्या आत उरकायला हवं होतं का? सूज असताना? रोकड वाचवण्यासाठी?

मुलांचं याच्या उलट. ज्या आई-बापांची पोरं गल्लीत क्रिकेट नाहीतर मैदानावर कबड्डी खेळतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. मुलांचं हाड लवचिक असतं. मार बसला की ते तुटून पडत नाही, दारासारखं उघडतं आणि परत मिटतं. मधे स्नायू चिमटला जातो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, ना सूज ना लाली. पण पोराला वर बघवत नाही, मळमळतं, उलट्या होतात, नाडी मंदावते. घरचे म्हणतात पित्त झालं, डोक्याला मार लागला. अशा वेळी एक-दोन दिवसांत ऑपरेशन लागतं, नाहीतर तो स्नायू कायमचा अधू होतो. बॉल लागलेलं पोर वर बघताना कळवळलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२३ च्या निर्णयानं प्रत्येक कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळालं, हे खरं. पण ते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात. रात्री अकरा वाजता चेहरा फुटलेल्या माणसाला लोक जवळच्या दारात नेतात. तिथून त्याला दुसरीकडे कधी आणि कसं हलवायचं, हे सांगायला त्या दारात योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, नसतो.

पाचवी तक्रार एका वाक्याची. वैद्यकीय उपकरणांमुळे त्रास झाला तर नोंदवायला देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, पण उद्या भावाची जाळी सरकली किंवा तिथं पू झाला, तर आम्ही कोणत्या कंपनीच्या कोणत्या लॉटची नोंद करणार?

आमच्या मागण्या सरळ आहेत.

१. शरीरात कायम राहणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव, ती कशाची आहे, उत्पादक, लॉट नंबर आणि एमआरपी हे बिलावर आणि डिस्चार्ज कार्डवर लिहिणं राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांना बंधनकारक करा. स्टिकर असेल तर चिकटवा. ट्रेमधला माल असेल तर मूळ पाकिटाचा नंबर ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरात रुग्णाच्या नावापुढं लिहा.

२. इम्प्लांट पुरवणाऱ्यांची रजिस्टरं आमच्यासारखीच तपासा. वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीवर देखरेख राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेच आहे. औषध निरीक्षक माझ्या दुकानात येतात, तसे त्यांच्या गोदामातही जाऊ देत.

३. चेहरा आणि डोळ्याच्या खोबणीच्या जाळ्या, पट्ट्या, स्क्रू यांच्यावर कमाल किंमत किंवा नफ्याची मर्यादा घालावी, अशी लेखी शिफारस राज्य सरकारनं मूल्य निर्धारण प्राधिकरणाला करावी.

४. ज्या जखमेचं ऑपरेशन वैद्यकीय कारणानं पुढं ढकलावं लागतं, तिथं सात दिवसांची मुदत डॉक्टरांच्या लेखी नोंदीवरून वाढवून मिळावी, असं राज्यानं केंद्राला कळवावं. तोवर तो मधला खर्च राज्याच्या योजनेतून भागवावा आणि त्यासाठी रुग्ण हलवायची जबाबदारी कोणाची, ते ठरवून द्यावं.

५. संमतीपत्र मराठीत, वस्तूचं नाव आणि अंदाजे किंमत यांसह.

ट्रॉल्यांच्या रिफ्लेक्टरबद्दल साखर कारखान्यांना आणि परिवहन विभागाला मी वेगळं लिहिणार आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी लिहीन.

या पत्राला उत्तर मिळावं, ही विनंती. भावाची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. त्याच दिवशी रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी जाऊन जाळीची कंपनी आणि लॉट नंबर मागणारा अर्ज मी पुन्हा देणार आहे. मागच्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे.

आपला विश्वासू,
एका रुग्णाचा थोरला भाऊ
कराड, जि. सातारा